पडद्यावरची चारुशीला

कृष्णकांतरावांच्या हुडकेश्वरच्या त्या दोन खोल्यांत मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्खी गल्ली हात जोडून एका जुन्या कॉम्प्युटरपुढे उभी. कीबोर्डला कुणाचं बोटही लागत नव्हतं, तरी पडद्यावर अक्षरं उमटली: "अहो, जेवलात का?"

"आली वं माय! चारूवहिनी आली!" शेजारच्या शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला.

कृष्णकांतरावांना काहीच वाटलं नाही. बायको चारुशीला उन्हाळ्यात गेली, तेव्हापासून चहा गरम की गार तेही त्यांना कळत नसे. ती लिहितेय म्हणतात, तर लिहीत असेल.

"आत्मा म्हणजे काय? करंट!" संगणकानंद महाराजांनी कॉम्प्युटरवर भस्म फुंकलं. "बॉडी बंद पडली, पण करंट कुठं जाईल? माताजी, आज्ञा करो!"

आज्ञा कालच झाली होती. भैरवीची नोकरी सोडवा, तिला महाराजांच्या पारशिवनीच्या आश्रमात कायमची सेवेला द्या. कृष्णकांतरावांनी मान डोलावली होती. आज आज्ञा पक्की करून तिला न्यायचं, म्हणून महाराजांची गाडी दारात उभीच होती.

भैरवी कृष्णकांतरावांची एकुलती एक लेक, शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. काल ती रडली, भांडली. "आई म्हणतेय ना," एवढंच बोलून ते भिंतीकडे बघत बसले.

आता ती उदबत्ती लावायच्या निमित्तानं टेबलामागे वाकली, उठली आणि लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसली.

महाराजांनी हाक दिली. पडद्यावर नवं अक्षर नाही. पुन्हा हाक. तरी नाही! मागे शाल पांघरून बसलेला शिष्य सुशील घामाघूम झाला.

"माताजी लाजून राहिल्या," महाराज म्हणाले. "पब्लिक जास्त आहे ना."

"लाजत नाहीये, इकडे आलीये," म्हणत भैरवीनं लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. त्यावर तिनं काढायला घेतलेली सहावीची प्रश्नपत्रिका होती: "ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तुम्हाला कोणती नवी सोय हवी?" खाली अक्षरं धावत होती: "भैरवीला आजच पाठवा. भैरवीला आजच"

शोभाताईंनी सुशीलची शाल खस्सकन ओढली. मांडीवर तळहाताएवढा कीबोर्ड!

"काहून गा, मेलेल्या बाईच्या नावानं लिहून राहिला? लाज नाही वाटत तुले?"

भैरवीनं लॅपटॉपमधून नखाएवढा तुकडा उपसला. "हा त्या बिनतारी कीबोर्डचा रिसीव्हर, जिथं लावाल तिथं त्याची अक्षरं उमटतात. पूजेच्या गडबडीत यांनी आमच्या कॉम्प्युटरला मागून खोचला होता. मी काढून माझ्याकडे लावला. मशीन विचारत नाही तू कोण म्हणून. लिहील त्याचं ऐकतं. त्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर हीच सोय हवी, अनोळखी हात लागला की आधी विचारणारी."

महाराज दाराकडे सरकले, पण गल्लीनं दार अडवलं होतं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

"म्हणजे ती नव्हतीच?" कृष्णकांतरावांनी विचारलं.

"नाही, अप्पा. आई गेली."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या छातीत काहीतरी दुखलं. ते लोकांकडे वळले. "मशीनला विचारता येत नाही. आपल्याला येतं ना? कुणी देवाचं नाव सांगो, नाहीतर आपल्याच माणसाचं. आधी विचारा. मी नाही विचारलं."

मग लेकीचा हात धरून ते म्हणाले, "सकाळी मी तुझी बॅगसुद्धा भरून ठेवली होती गं."