उन्हाने केलेलं मीठ

पनवेलच्या खाडीवरून खारा वारा आला की म्हाताऱ्या तुळशीरामला अजूनही ख्रिस्ती मंडळीचे दिनानाथ पाळक आठवतात, आणि त्यांचे ते चिखलाने भरलेले काळे बूट. पाळक देवाघरी गेले, बूट काही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची गोष्ट. तुळशीराम मिठागरावर राबायचा आणि रविवारी प्रार्थनामंदिरात सगळ्यांच्या मागे, चपलांजवळ बसायचा. ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायच्या भाकरीची, प्रभुभोजनाची थाळी आली की तिला हात न लावता पुढे सरकवायचा. कारण पाळकांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एका उधाणाला आपलं मिठागर वाचवण्यासाठी त्याने धाकट्या भावाच्या, आनंदाच्या शेताचा बांध फोडला होता. खाडीचं पाणी शिरून शेत खारलं, पिकेनासं झालं. आनंदा मुंबईला गेला आणि तुळशीरामने क्षमा मागण्याआधीच तिकडे वारला.

तेव्हापासून मंदिर झाडणं, पाणी भरणं, चुना लावणं, सगळं तुळशीरामने अंगावर घेतलं. एवढं पाप धुतलं गेलं की मग भाकर घेईन, असं तो म्हणे. देव माणसाला कामांवरून नाही, ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरवतो, हे पाळक सांगून थकले. तुळशीराम मान डोलवायचा आणि पुन्हा झाडू उचलायचा. पालथ्या घड्यावर पाणी!

चैत्रात एक दिवस पाळक बुटांसकट मिठागरात उतरले आणि विचारलं, मीठ कसं करतोस रे? घाटावरचा माणूस, खरंच ठाऊक नव्हतं की मुद्दाम विचारलं, देव जाणे. तुळशीरामला हसू आलं.

"मीठ काय आमी करतो, सायेब? भरतीचं पानी आत घ्यायचं आनि थांबायचं. मीठ ऊन करतं."

बोलला आणि थबकला. इतकी वर्षं आपण उन्हाचं काम झाडूने करायला निघालो होतो, हे त्याला तेव्हा कळलं. पाळक चिखलातून बूट ओढत निघून गेले. तुळशीराम बांधावर बसून आनंदासाठी पहिल्यांदा पोटभर रडला. उठला तेव्हा कितीतरी वर्षांनी त्याला शांत वाटत होतं.

पुढच्या रविवारी थाळी आली. त्याने तुकडा घेतला.

सोमवारी पाहतात तर हा पुन्हा झाडतोय. आता कशाला, असं पाळकांनी विचारलं.

"आता आवडतं म्हनून," तुळशीराम म्हणाला.

आज त्याचे हात थरथरतात. झाडू मात्र त्याने अजून कुणाला दिलेला नाही.