डोकं कुठे, ते सांगणारं अस्तर

काकांनी तिसऱ्यांदा अस्तर सोलून फेकलं होतं.

तिने मायक्रोस्कोपमधून बशीत पाहिलं. मोहरीहून बारीक गर्भ, स्वच्छ, न्हाऊमाखू घालून निजवलेल्या तान्ह्यासारखा. भोवती काही नाही. तिने डोळे मिटून घेतले.

"काका, साल कुठे गेली?"

"काढली ना, ताई. घाण कशाला ठेवायची?"

काका या प्रयोगशाळेत तीस वर्षं उंदरांचे गर्भ सोडवत आलेले. चिमटा म्हणजे त्यांची बोटंच. आजवर सगळ्यांना गर्भ हवा असायचा, हिला मात्र सालच हवी होती. त्या झिरझिरीत अस्तरापासून पुढे ना डोकं बनतं, ना हातपाय. पण तेच रसायनं पाझरून आतल्याला सांगतं, बाळा, डोकं या अंगाला कर. ती रसायनं अस्तराच्या नेमक्या कुठल्या पेशींतून निघतात, हे तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण. आजची तुकडी शेवटची. उरले चार गर्भ, अस्तरं हवीत तीन. नाहीतर तिच्या मार्गदर्शक मॅडम प्रकरणच गाळणार. स्वतः करावं, तर तिच्या हातून दहांतले नऊ फुटत.

"साल फेकू नका, अशी समोर चिठ्ठी लावलीय, काका. वाचलीत ना?"

"वाचली की. हात ऐकत नाही, त्याला काय करू?"

"मग हाताला सांगा."

"इतक्या वर्षांत माझं ऐकलं नाही त्याने, तुमचं काय ऐकणार?"

तिला हसू आलं नाही. नुसतं डोकं उठलं.

"बरं, उलट करा," ती वैतागून म्हणाली. "गर्भ म्हणजे घाण समजा. तो काढून फेका, साल ठेवा."

काकांनी चिमटा खाली ठेवला. "गर्भ फेकू?"

"फेका."

"असं कुणी करतं का, ताई?"

"आज आपण करतोय."

पुटपुटत ते वाकले. या कामाची हाताला सवयच नव्हती, त्यामुळे तो आता विचारत विचारत चालला. पहिलं अस्तर टर्रकन फाटलं. तिने ओठ चावला. दुसरं अंगड्यासारखं अलगद उतरलं. तिसरंही. चौथ्याला त्यांनी इतका वेळ लावला, की तिची मान अवघडली; पण तेही अख्खं निघालं.

तिने तिन्ही अस्तरं कुप्यांत सोडली, झाकणं घट्ट लावली, तेव्हा कुठे वळून पाहिलं. शेजारच्या बशीत चार उघडे गर्भ ओळीने मांडलेले, वर काच झाकलेली.

"काका, हे फेकायला सांगितलं होतं."

"फेकतो हो. घाई काय आहे?"

तिने कपाळाला हात लावला, आणि पेन घेऊन, जपायच्या नमुन्यांवर घालतात तशी, त्या बशीवर आजची तारीख घातली.