चाळणीतून गळलेली आग

मी एक जुना अवरक्त कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगताना मधूनमधून उसासे टाकावेत, अशी अपेक्षा असते. ते मला जमणार नाही.

तुमच्या डोळ्यांना उजेड दिसतो, मला ऊब दिसते. धुराआडचा विस्तव, राखेखालचा निखारा, झाडीत उभी असलेली गाय, हे सारं मला स्पष्ट दिसतं. त्यासाठी माझा डोळा बर्फाहूनही गार ठेवावा लागतो. माझ्या पोटातलं एक छोटं यंत्र सतत घरघरत ते काम करतं. ते थांबलं की मी आंधळा.

मी घडलो दूरच्या कारखान्यात, पण जगलो बोलिव्हियाच्या चिकितानिया रानात. सांताक्रूझ शहरातल्या एका वणवा-कार्यालयात माझं खोकं उघडलं ते डॉक्टर निल्दा सुरुबी यांनी. निल्दाबाई त्याच रानातल्या सान इल्देफोन्सो गावच्या. उपग्रहांनी पाठवलेल्या चित्रांतून वणवे शोधायचे, हे त्यांचं काम. पण उन्हात तापलेला पत्रा आणि खरी आग यांतला फरक उपग्रहाला कळत नसे. म्हणून बाई ऐन दुपारी थर्मामीटर घेऊन गावोगाव फिरल्या. पत्रे, खडक, नांगरलेली माती, विटांच्या भट्ट्या, जे तापेल ते त्यांनी मोजलं. लोक हसायचे. त्यांची आसुंतामावशी तर दारात बसून विचारायची, "निल्दे, माझ्या पत्र्याला ताप आलाय का गं?"

"आलाय मावशी. तुझ्या जिभेपेक्षा थोडा कमी आहे."

या मोजमापांतून बाईंनी संगणकासाठी एक चाळणी तयार केली. तिच्यातून खोटी आग गळून जायची आणि खरी वर राहायची. त्यांचं तरुणपण त्या चाळणीत गेलं. त्यांनी लग्न केलं नाही, परदेशातली नोकरीही नाकारली.

मग मी आलो. वैमानिक एवेलियोकाकांच्या छोट्या विमानाच्या पोटाखाली मला बसवलं. धुराच्या ढगांवरून आम्ही उडायचो, मी खालची आग टिपायचो, बाई चाळणी लावून नकाशा काढायच्या आणि गावोगावचे स्वयंसेवक तो पाहून फावडी, पाण्याच्या पिशव्या घेऊन निघायचे. किती गावं वाचली. एका समारंभात मोठ्या पाहुण्यांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढला. माझ्या काचेवर त्यांचा तेलकट ठसा उमटला. बाईंनी तो रुमालाने पुसला. मित्रांनो, माझं कौतुक झालं ते इतकंच.

मग ते कोरडं वर्ष आलं. रान कुरकुरीत झालं होतं. सान इल्देफोन्सोच्या उत्तरेला ज्वाळा होत्या, त्या साऱ्यांना दिसत होत्या. दक्षिणेला मात्र एस्मेराल्दा नावाच्या मोठ्या कुरणातून एक आग गवताच्या मुळामुळांतून, जमिनीलगत, गावाकडे सरकत होती. तिला ना ज्वाळा होती ना आवाज. मी ती टिपली. बाईंनी चित्र नेऊन कार्यालयाचे प्रमुख ओस्वाल्दो कुएयार यांच्यापुढे ठेवलं. ते चित्र साठवलेलं माझं धूड काखेत घेऊनच त्या उभ्या होत्या, म्हणून मी सगळं ऐकलं.

"कुठेय आग? हे तर नुसते फिकट ठिपके आहेत," साहेब म्हणाले.

"धुमसतेय साहेब. वारा सुटला की पेटेल."

"अहो, काल मी टीव्हीवर सांगून आलो, आग आटोक्यात आहे म्हणून."

"तुम्ही सांगितलंत म्हणून ती विझत नाही."

"तुमच्या चाळणीची भोकं जरा मोठी करा. बारीकसारीक गळून जाऊ दे."

"ती चाळणी पत्रे गाळायला आहे. आग गाळायला नाही."

"बरं, बरं," साहेब म्हणाले आणि त्यांनी कॉफी मागवली.

आणखी स्पष्ट चित्र आणावं म्हणून बाई मला घेऊन तडक धावपट्टीवर गेल्या. त्यांची पाठ वळताच, हे मागाहून कळलं, साहेबांनी दुसऱ्याकडून चाळणीची भोकं मोठी करून घेतली आणि नकाशा गावांना पाठवला. बाईंची चाळणी, बाईंचं नाव, आणि दक्षिण हिरवीगार, म्हणजे तिकडे आग नाही.

गावाने त्या नावावर विश्वास ठेवला. स्वयंसेवक उत्तरेच्या ज्वाळांशी लढायला गेले आणि माघारीसाठी त्यांनी दक्षिणेची वाट राखली. त्यांचा पुढारी होता आसुंतामावशीचा मुलगा रुफिनो. आम्ही त्यांच्या डोक्यावर पोचलो तेव्हा वारा सुटला होता आणि ती मुकी आग उभी राहिली होती. माघार घेणारी माणसं तिच्याकडेच धावत होती.

बाईंनी वायरलेसवर हाक दिली. "रुफिनो, दक्षिणेला जाऊ नका. पूर्वेला वळा. एस्मेराल्दाचं तारेचं कुंपण ओलांडा, पलीकडे तळं आहे."

"अगं पण तुझ्याच नकाशात दक्षिण मोकळी आहे."

"तो नकाशा माझा नाही. वळ म्हणते ना."

ते वळले. माणूस मला उबेच्या ठिपक्यासारखा दिसतो. ठिपके कुंपणाशी अडले. काटेरी तार पाच पदरी होती. मग एक ठिपका तारेशी वाकून थांबला आणि बाकीचे एकेक करून त्याच्या जवळून पलीकडे गेले. तो तार उचलून धरत होता. सगळे तळ्याकडे पोचले. तो शेवटचा ठिपका तारेपाशीच राहिला. त्याच्यासाठी तार धरायला कुणी उरलं नव्हतं. भोवतालची जमीन तापत गेली, त्याच्याइतकी झाली, मग त्याच्याहून जास्त, आणि मला तो वेगळा दिसेनासा झाला.

"रुफिनो," बाई म्हणत राहिल्या. एवेलियोकाकांनी इंधन संपत येईपर्यंत तिथेच घिरट्या घातल्या.

यानंतर कार्यालयाने अहवाल काढला. त्यात लिहिलं होतं की कॅमेरा जुना झाला होता, त्याचा डोळा निकामी झाल्याने दक्षिणेची आग टिपली गेली नाही. मी, मित्रांनो. ज्याने पाहिलं त्यालाच आंधळं ठरवलं आणि मोडक्या पंख्यांबरोबर कपाटात कोंबलं. मला तोंड असतं तर त्या दिवशी ते कार्यालय माझ्या शिव्यांनी पेटलं असतं.

बाईंना तोंड होतं. त्या भांडल्या, रेडिओवर बोलल्या, नोकरीवर पाणी सोडलं, पण चौकशी गावातच व्हायला लावली. चर्चच्या अंगणात सारा गाव जमला. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यासमोर बाईंनी मला कपाटातून मागवून तिकाटण्यावर बसवलं आणि त्या पाठ फिरवून उभ्या राहिल्या. "मावशी, चुलीतले निखारे घे आणि या अंगणात तुला हवे तिथे पुर. कुणाला सांगू नकोस."

आसुंतामावशीने निखारे पुरले, वर माती सारखी केली, त्यावर पाय दाबून चालली. थोड्या वेळाने बाईंनी माझा डोळा फिरवला. पडद्यावर एकेक निखारा उमटला. अधिकाऱ्याने खणून पाहिलं. प्रत्येक ठिकाणी सापडला.

"म्हणजे हा आंधळा नव्हता," मावशी म्हणाली.

"नाही," अधिकारी म्हणाला.

"मग आंधळं कोण झालं होतं, ते लिहा."

"तेवढा अधिकार मला नाही, बाई."

"अधिकार नाही, तर मग इथवर आलात कशाला? आमचे कुन्यापे पाव खायला?"

अहवालातला 'निकामी' हा शब्द खोडला गेला. त्या जागी दुसरं काहीच लिहिलं गेलं नाही. कुएयारसाहेब राजधानीत याहून मोठ्या खुर्चीत गेले. एस्मेराल्दाच्या कुंपणाला नवी तार लागली.

मला भंगारात काढलं, तेव्हा निल्दाबाईंनी मागून घेतलं. आता मी सान इल्देफोन्सोच्या स्वयंसेवकांच्या छपरीत राहतो. पोटातलं यंत्र खोकतं, तरी बाई ते खोलून साफ करतात आणि कोरड्या महिन्यांत एवेलियोकाका अजून मला उडवतात. चाळणी बाईंनी नव्याने बांधली आहे. पडद्यापाशी मात्र आसुंतामावशी बसते. वाचायला ती उतारवयात शिकली. नकाशा तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांची काळजी घ्या, धूळ झाडा, काच मऊ फडक्याने पुसा. पण तेवढ्यावर भागणार नाही. आम्ही जे पाहतो ते कुणाला गैरसोयीचं वाटलं म्हणून पुसू देऊ नका. कुणी पुसताना दिसलं तर रागवा. समजूतदारपणा दुसऱ्या कशासाठी तरी ठेवा.

परवाच सांताक्रूझच्या कार्यालयाच्या नव्या प्रमुखांचा फोन आला. मावशीने उचलला.

"आज तुमच्याकडचे ठिपके फार दिसताहेत," ते म्हणाले. "वरती दाखवायचंय. थोडे कमी करून पाठवाल का?"

मावशीने पडद्याकडे पाहिलं. तिचा आवाज चढला नाही.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या घरातला एक कमी झालाय. आता इथे काही कमी होणार नाही."

आणि तिने नकाशा होता तसा पाठवला.