चाळीस मिनिटांची हवा

मास्तरांनी निवृत्तीनंतर विज्ञानकादंबरी लिहायला घेतली, तेव्हा डोळ्यांनी आधीच हात टेकले होते. म्हणून ते येरझाऱ्या घालत सांगायचे आणि थोरली लेक कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. ती हॉस्पिटलात ऑक्सिजनचं काम बघायची. ड्यूटी संपवून यायची, त्यांच्या डोळ्यांत थेंब घालायची आणि टाइप करायला बसायची. धाकटी लांब, दुसऱ्या देशात. तिचा आठवड्यातून एक फोन यायचा, त्यावर मास्तर पुढचे सहा दिवस काढायचे.

कादंबरीतली कॅप्टन कुणावर बेतली होती, हे सांगायला ज्योतिषी नको होता. धाकटीचंच खळखळून हसणं, तिचाच हट्ट. मास्तर तिच्या केसालाही धक्का लागू देत नव्हते. उल्का यायच्या त्या बेतानं बाजूनं जायच्या. विज्ञानाचे नियम होते, पण ते बाकीच्यांसाठी. प्रकाशकानं हस्तलिखित परत धाडलं होतं: 'हिचं काही बिघडणार नाही हे तिसऱ्या पानावरच कळतं, मग पुढे कशाला वाचायचं? शेवट बदला, नाहीतर राहू द्या.' मास्तर आठवडाभर फणफणले आणि मग निमूटपणे शेवटच्या प्रकरणाला पुन्हा भिडले.

"यान फुटलं. कॅप्टनचं सिलिंडर संपलं. मेकॅनिकनं स्वतःचं काढून तिच्या हातात दिलं..."

टाइपिंगचा आवाज थांबला.

"बाबा, एक सिलिंडर चाळीस मिनिटं चालतं. मलाच विचारून घातलंत तुम्ही दुसऱ्या प्रकरणात. मग मेकॅनिकचं काय?"

"तिचं काय! ती खमकी आहे. नेईल निभावून."

बोलून गेले आणि मास्तर जागीच थबकले. हे वाक्य त्यांना पाठ होतं. धाकटीला पुढे शिकवायचं म्हणून थोरलीचं कॉलेज सुटलं तेव्हा, त्यांच्या आजारपणात तिचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा, आल्यागेल्याला त्यांनी हेच ऐकवलं होतं, तेही कौतुकानं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मग असं लिही," ते घाईघाईनं म्हणाले, "मेकॅनिक देत नाही. जाऊ दे कॅप्टनला."

"छे, ती देईलच. मला माहितेय." थोरलीनं स्क्रीनवरची नजर काढली नाही. "पण कॅप्टननं एकदा मागायला तरी हवं ना, बाबा? बारा प्रकरणं झाली, मेकॅनिकला कुणी काही विचारलेलंच नाही. विचारलं की ती नाहीसुद्धा म्हणू शकते. तेवढी धाकधूक तरी वाचणाऱ्याला वाटू दे."

मास्तर चाचपडत तिच्या खुर्चीपाशी आले.

"तुला... कधी नाही म्हणावंसं वाटलं का गं?"

"रोज," ती म्हणाली. मग तिनं बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली. "हं, सांगा पुढे."