निळ्या दोरीची जाळी

आमचे हे बांधकामांवर सुरक्षेचे नियम पाळतात की नाही ते तपासतात. नोकरीचं नाव मोठं, पण ह्यांना घाबरतं कोण! त्या दिवशी मात्र हेच घाबरून घरी आले. बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसले.

"तुझी जाळी दिसली," म्हणाले. "नदीकडच्या इमारतीवर."

माझा धाकटा भाऊ बारक्या नाक्यावरच्या इमारतीत परांची बांधतो. पडणाऱ्याला झेलायची तिथली जाळी फाटली होती. ठेकेदाराला कशाला पडलंय! शेवटी बारक्याने ती माझ्याकडे आणली आणि मी कपडे वाळत घालायची निळी दोरी ओवून ती शिवली. ती नदीकडे कशी गेली?

ठेकेदार एक, इमारती दोन, जाळी एकच. ह्यांना आधी कळवूनच जावं लागतं. जिथे हे जाणार तिथे जाळी लागणार. म्हणजे हे नियम तपासत होते तेव्हा माझा भाऊ उघड्यावर लटकत होता, आणि तोही ह्यांच्याच तपासणीपायी!

मी फोन लावला.

"अगं ताई, टेम्पोत मीच चढवून दिली," बारक्या हसत म्हणाला. "दाजींना सांग, आमच्याकडे वरचेवर या. तुम्ही आलात की आम्हाला जाळी मिळते."

हसतोय मेला!

ह्यांनी काम थांबवायचा अहवाल लिहिला. ह्यांचे साहेब म्हणाले, "तुम्ही गेलात तेव्हा दोन्हीकडे जाळी होती ना? मग झालं तर." मग हे एकाच दिवशी दोन्हीकडे गेले. जेवणाच्या सुट्टीत टेम्पो ह्यांच्या आधी पोचला.

"तुम्ही बारक्याकडेच जात जा," मी म्हटलं. "सारखे जा."

"अगं, आणि नदीकडचे?"

"ते माझे कोण लागतात?"

बोलून गेले खरी. पण पुढच्या सगळ्या तपासण्या ह्यांनी नाक्यावर लावल्या.

जाळी तिथेच राहिली. बारक्याचा पाय सटकला, तेव्हा तो तिच्यातच पडला. खरचटण्यावर निभावलं. मी त्याला आधी शिव्या घातल्या, मग जवळ घेऊन रडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नदीकडच्या इमारतीवरून एक गवंडी पडला. खाली सळ्या होत्या.

काल त्याची बहीण पत्ता शोधत आमच्या घरी आली. दार मी उघडलं. माझ्याच वयाची असेल. भांडायला आली असती तर बरं झालं असतं, मी पुरून उरले असते. पण ती हळू आवाजात विचारत होती.

"साहेब यायचे तेव्हा जाळी लावायचे, असं दादा सांगायचा. साहेबांची वाट बघायचा हो तो. मग ते यायचे का थांबले?"

"साहेब घरी नाहीत," मी म्हटलं.

हे आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते. ती गेल्यावर बाहेर आले, पण माझ्याकडे बघेनात. मलाही त्यांच्याकडे बघवेना. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सकाळी त्यांनी डबा उचलला आणि दारात थांबून विचारलं, "आज कुठे जाऊ?"

"बारक्याकडे," मी म्हटलं.