चौदा गाठींची दोरी

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी आमच्या लाबुर्देत गावच्या मैदानाची रुंदी पासष्ट मीटर नव्वद सेंटिमीटर भरली. लागते अडुसष्ट.

मोजणारे सेरी हे रग्बीच्या विभागीय समितीचे निरीक्षक. डोंगरापासून समुद्रापर्यंत तीनशे चाळीस मैदानं त्यांनी मोजली आहेत, काही साठ हजार प्रेक्षकांची, काही गुरांच्या गोठ्याला लागून असलेली. आमच्याकडे त्यांना टेप काढायच्या आधीच शंका आली होती. गोलाच्या खांबांमध्ये उभं राहून त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि खांब मधोमध का नाहीत असं विचारलं. गेली दहा वर्षं आमचे किक मारणारे हेच म्हणत होते. आम्ही त्यांना सराव वाढवायला सांगत होतो.

रविवारी तीन वाजता उपांत्य सामना होता. एकतीस वर्षांनी असा सामना घरच्या मैदानावर आला होता. मैदान मंजूर झालं नाही तर तो नऊ किलोमीटरवरच्या मोंतेस्काबला, आमच्या जुन्या वैऱ्यांच्या स्टेडियमवर जाणार होता. सेरींनी रविवारी सकाळी अकरापर्यंत मुदत दिली.

मैदान बावीस वर्षं मायलिस आखते. त्याआधी तिचे वडील आखायचे. त्यांनी १९७४ साली अडुसष्ट मीटरची दोरी कापून घेतली होती. प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या बाजूला तिचं एक टोक खुंटीला बांधायचं, दोरी ताणायची आणि दुसरं टोक येईल तिथे चुना टाकायचा, ही पद्धत. दोरी तुटली की गाठ मारायची. मायलिसने ती शेडमधून आणून गवतावर पसरली. गाठी चौदा होत्या. एकेका गाठीत साधारण पंधरा सेंटिमीटर गेले होते. कोणती गाठ कशाची हे तिला तोंडपाठ होतं: ही गवत कापायच्या यंत्राने तुटली तेव्हाची, ही कुत्र्याने चावली तेव्हाची, ही ज्या हिवाळ्यात वडील गेले तेव्हाची.

क्लबचे अध्यक्ष ओदिलों बाजूला उभे राहून ऐकत होते. वय एकाहत्तर. तरुणपणी ते उजव्या बाजूने खेळायचे आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला रेषेबाहेर फेकण्यासाठी चार जिल्ह्यांत प्रसिद्ध होते. आमच्या उजव्या बाजूने कोणी जाऊ शकत नाही, ही गावाची शान. पाहुणे संघ मैदान बोळासारखं आहे म्हणायचे, तेही आम्ही कौतुकच समजायचो.

"मी अठ्ठ्याऐंशीत खेळणं सोडलं," ओदिलों म्हणाले. "तोवर किती गाठी होत्या?"

मायलिसने मोजलं. "तीन, ओदिलोंकाका."

"म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर." त्यांनी थोडा विचार केला. "चालेल. तेवढ्यात बाहेर फेकलेली माणसं परत करायची माझी तयारी आहे. नंतरच्या पोरांचं मात्र अवघड आहे. तू मैदान आखत नव्हतीस गं, आटवत होतीस."

ती हसली नाही. सामना गेला तर तो आपणच आपल्या हातांनी घालवला असं होईल, एवढंच ती म्हणाली. मग रेषा पुन्हा कुठे येईल ते पाहायला गेली.

अडचण तिथे होती. गोलाचे खांब हलवता येत नाहीत, म्हणून गेलेले दोन मीटर दहा सेंटिमीटर पायऱ्यांच्या विरुद्ध बाजूलाच परत द्यायचे होते. आणि त्या बाजूला लोखंडी कठडा आहे. रेषा खऱ्या जागी गेली की कठड्यापर्यंत तीन मीटर दहा उरत होते. खेळाडू धडकू नयेत म्हणून साडेतीन लागतात. कठडा चाळीस सेंटिमीटर मागे घ्यायचा, म्हणजे त्याचे सिमेंटमध्ये रोवलेले एकतीस खांब उपटायचे. कठड्यामागे ओदिलोंचाच मका आहे, वीतभर उगवलेला. पहिली ओळ त्यांनी स्वतः बुटाने आडवी केली.

सेरी निघून गेल्यावर बाकावर त्यांचा टेप सापडला. तीनशे चाळीस मैदानं मोजलेला माणूस टेप विसरतो, यावर कोणाचा विश्वास बसला नाही. मायलिसने तो उचलून जवळ ठेवला.

अकराच्या सुमारास आम्ही पहिल्या खांबाभोवती पहारीने खणत होतो. तेवढ्यात मोंतेस्काबचा ट्रॅक्टर आला. चालवत होता पेयो, तिकडच्या स्टेडियमची देखभाल करणारा. मागे द्राक्षमळ्यातले खांब उपटायचं आणि खड्डे पाडायचं यंत्र जोडलेलं. सामना त्यांच्याकडे गेला असता तर गर्दी त्यांची, खानावळ त्यांची. ओदिलोंनी त्याला सरळ विचारलं, की वाट चुकलास का.

"तुम्ही आमच्याकडे हरलात तर आयुष्यभर आमच्या मैदानाला नावं ठेवाल," पेयो म्हणाला. "आपल्या घरी हरा." मग मायलिसकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "ताई, परवा मी आमची दोरी मोजली. किती भरली ते विचारू नकोस."

तेव्हा मात्र ती हसली.

दुपारी बायकांनी बदक घालून केलेलं कोबीचं सूप कठड्याजवळच आणलं. सगळ्यांनी उभ्यानेच खाल्लं. दिवस मावळेपर्यंत सव्वीस खांब नव्या जागी रोवून झाले. रविवारी सकाळी आणखी चार. मायलिसने सेरींच्या टेपने रेषा आखली, दोनदा मोजली, आणि दोरी गुंडाळून शेडमधल्या खिळ्याला टांगली.

एकतिसावा खांब कोपऱ्यातला. त्याच्याखाली तिच्या वडिलांनी हवं त्याहून तिप्पट सिमेंट ओतलं होतं. तो दहा वाजून पंचवीस मिनिटांनी निघाला. दहा पन्नासला तो नव्या खड्ड्यात उभा होता. सिमेंट ओलं होतं, म्हणून मागून फावड्याचा टेकू दिला होता.

दहा वाजून चोपन्न मिनिटांनी सेरी गाडीतून उतरले आणि त्यांनी आपला टेप मागितला. मायलिसने तो दिला, आणि शून्याचं टोक स्वतःच्या हातात धरून रेषेवर वाकली. ते कठड्याच्या पहिल्या खांबापासून निघाले. ते आकडा मोठ्याने सांगायचे आणि वहीत लिहायचे. ओदिलों आणि पेयो चार पावलं मागून चालत होते.

अकराची मुदत उलटली तरी सेरी थांबले नव्हते; अकरा वाजून सहा मिनिटांनी ते बाविसाव्या खांबापाशी होते. तोवर साडेतीनच्या खालचा एकही आकडा आला नव्हता.