दोन बोटं आखूड पाय

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर गुडघेबाबा (हे नाव लोकांनीच ठेवलेलं) सासूबाईंच्या दोन्ही टाचा तळहातांवर तोलून बसले होते.

"बघा, नीट बघा. डावा पाय दोन बोटं आखूड. सगळा भार उजव्या गुडघ्यावर. डॉक्टरला दिसलं का हे? त्याला फोटोत हाड दिसतं, माणूस दिसत नाही."

लोक हसले. बाबांनी डोळे मिटले, पाहुण्याला घरात बोलवावं तसं शक्तीला "ये, ये, संकोचू नकोस" म्हटलं, आणि बघता बघता दोन्ही तळवे जुळले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाई उठल्या, काठी टाकून चालल्या.

"ती फिजिओथेरपीची कसरत आजपासून बंद," बाबांनी बजावलं. "विश्वास आणि व्यायाम एका पायात नांदत नाहीत."

सून मंचाच्या कडेला जमिनीवर बसली होती, वर्षभराच्या लेकीला मांडीत आवरत. टाचा अगदी तिच्या डोळ्यांसमोर होत्या. उजव्या टाचेमागे, बुटात, एक फट दिसली आणि नाहीशी झाली. आणि हे ढगळ बूट? दारातच प्रत्येकाला घालायला लावलेले, 'शुद्ध केलेले' म्हणून.

तिचा जीव थाऱ्यावर राहिना. सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होणार होती आणि लेक दिवसभर सासूबाईंकडे राहणार होती. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. फिजिओथेरपीच्या बाईंनी सहा आठवडे व्यायाम करून घेतले, तेव्हा कुठे सासूबाईंचा गुडघा अचानक दगा द्यायचा कमी झाला होता.

घरी पोचताच सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं. "चल गं, खाली फिरवून आणते."

"आई, तिला आधी माझ्याकडे द्या."

"तुला माझं बरं झालेलं बघवत नाही का?"

"बघवतं. पण जिना आहे."

सासूबाई दाराबाहेर पडल्यासुद्धा. सून मागोमाग धावली. पहिल्याच पायरीवर सासूबाईंचा गुडघा दुमडला. सुनेनं लेकीला झेललं, सासूबाईंनी कठडा धरला. कुणी पडलं नाही. दोघी तिथेच पायरीवर बसल्या, धापा टाकत.

"माझाच विश्वास कमी पडला," सासूबाई पुटपुटल्या. "उद्या पुन्हा जाते."

सून उठली, सासूबाईंना घरात नेऊन खुर्चीत बसवलं, नवऱ्याचे बूट आणून त्यांच्या पायांत चढवले आणि समोर मोबाईलवर चित्रण चालू ठेवलं. मग दोन्ही टाचा उचलून उजवा बूट हळूच बाहेर ओढला, पुन्हा आत ढकलला.

सासूबाईंनी ते चित्रण तीनदा पाहिलं. डावा पाय आखूड होता, मग बरोबर झाला.

"आई, माझ्या अंगात कोणती शक्ती आली?"

"पण दुखायचं थांबलं होतं गं माझं. ते खोटं का?"

"बाबांच्या माणसांनी रांगेत तासभर गुडघ्यावर काय बांधलं होतं?"

"गरम पिशवी," सासूबाई सावकाश म्हणाल्या.

"शेकल्यावर घटकाभर बरं वाटतंच. वर टाळ्यांची नशा."

दुसऱ्या दिवशी सासूबाई खरंच पुन्हा गेल्या, सुनेचा हात धरून. मंचावर एक म्हातारी बसली होती.

"बाई, आधी बूट काढा," सासूबाई म्हणाल्या.

"अनवाणी पायात शक्ती उतरत नाही," बाबा गुरकावले.

"मग ती बुटाला द्या. माझ्या गुडघ्याला कशाला सांगता?"

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. सासूबाईंनी लोकांसमोरच त्या म्हातारीच्या पायातला बूट ओढून, ढकलून दाखवला. बाबांना तेवढ्यात आतून कुणाचं तरी बोलावणं आलं.

"काल मी नातीला घेऊन जिन्यावरून कोसळले असते," सासूबाई म्हणाल्या. "बाबांना मी विचारलं नाही. हिनं शंका घेतली, तर मी हिच्यावरच डाफरले. तुम्ही तरी विचारा. जे विचारलं की पळून जातं, त्याच्या भरवशावर आपली हाडं सोपवू नका. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, दहा मोजेपर्यंत दाबून धरायची. कंटाळा येतो. पण त्यानंच मी उभी राहिले होते. नातीला उचलून जिना कधी उतरायचा, ते फिजिओथेरपीच्या बाई तपासून सांगतील. तोवर ती माझ्याबरोबर घरातच खेळेल."

मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "आजी, दिवसातून किती वेळा करायचं ते?"